तिशी उलटली, पीएचडी संपेना

"मॅडम, तिशी उलटली आणि मी अजून शिकतोच आहे." नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य किती जणांकडून ऐकलं, त्याचा हिशेब नाही. कधी मुलगा म्हणतो, कधी त्याची आई. म्हणून त्यातल्याच एकाबद्दल लिहिते, ओळख पुसून.

निफाडकडचा, द्राक्षबागायतदाराचा मुलगा. पुण्यात पीएचडीचं सहावं वर्ष, विषय झिंक ऑक्साइडचे पातळ थर. सेमीकंडक्टर, म्हणजे चिप आणि एलईडी ज्यातून बनतात ते पदार्थ, एन आणि पी अशा दोन प्रकारचे असतात. एनमध्ये वीज इलेक्ट्रॉन वाहून नेतात, पीमध्ये त्यांच्या रिकाम्या जागा. दोन्हींची जोडी जमली तर एलईडी होतो. झिंक ऑक्साइड जात्याच एन. त्याला टिकाऊ पी बनवणं जगभरच्या प्रयोगशाळांना छळत आलंय. याचाही एक नमुना पी झाला, अठरा दिवसांनी पुन्हा एन. नेटची फेलोशिप पाच वर्षांची. शेवटी महिना ४२ हजार यायचे, तेही थांबलेले. बरोबरीचे दोघं आयटीत, पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेऊन मोकळे.

पहिल्या दोन भेटींत त्याने फक्त स्वतःला शिव्या घातल्या. मीही चुकले. वाचून-बिचून तयारी केली आणि त्याला गॅलियम नायट्राइडची, म्हणजे निळ्या एलईडीच्या पदार्थाची गोष्ट ऐकवली. तेही पी होईना म्हणून बऱ्याच जणांनी नाद सोडला होता. आकासाकी आणि अमानो या जपानी शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये मॅग्नेशियम घालून ते जमवलं, २०१४ मध्ये नाकामुरांसह नोबेल मिळालं. तो शांतपणे म्हणाला, "हे मला पहिल्या वर्षापासून पाठ आहे. पण ते अमानो होते, मॅडम." खचलेल्या माणसाला थोरांचे दाखले देऊ नयेत, हे मी नवीन समुपदेशकांना शिकवते!

तिसऱ्या भेटीत विचारलं, "नमुना पुन्हा एन झाला, त्या दिवशी लॅबच्या वहीत काय लिहिलंस?"

"तारीख. थर कुठल्या तापमानाला बसवला, ऑक्सिजन किती होता, एन की पी हे सांगणाऱ्या हॉल मेजरमेंटचे आकडे."

"आणि 'मी नालायक आहे', हे कुठल्या रकान्यात?"

तो बघतच राहिला. मग एकदम हसला. "आमचे वडील, आण्णापण बागेत फवारणीची वही ठेवतात, एक्स्पोर्टला लागते म्हणून. डाउनी, म्हणजे बुरशीचा रोग आला तर औषध, प्रमाण, पाऊस, सगळं लिहितात. स्वतःला शिव्या नाही लिहीत."

पुढचं काम सोपं झालं. मी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या पठडीतली. इच्छेला 'च' चिकटला की तिचा हट्ट होतो, असं मी मानते. 'पी टिकायला हवा' यावर संशोधन चालतं. 'टिकलाच पाहिजे, नाहीतर मी शून्य' यावर झोप उडते. हा 'च' गळायला अजून चार भेटी लागल्या. तो गळल्यावर त्याला दिसलं की पी का टिकत नाही, हे नीट मोजून मांडणं हाच त्याचा थिसिस आहे. गाइडकडून त्याने थिसिस जमा करायची तारीख मागून घेतली. सहा वर्षं ती मागितलीच नव्हती!

नोकरीचं म्हणाल तर प्राध्यापकी ही एकच वाट नाही. व्हॅक्यूम, थर बसवणं, मोजमाप हे हातात बसलेल्यांचं काम गुजरातेत साणंद-धोलेऱ्याला उभ्या राहणाऱ्या चिप कारखान्यांत आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर काम करणाऱ्या पुण्याच्या सी-मेटसारख्या संस्थांतही. चिप बनवणं आणि नवा पदार्थ शोधणं यात अंतर आहे, तेव्हा हुरळूनही जाऊ नये. आणि घरच्यांनो, 'कधी संपणार' ऐवजी 'सध्या कुठे अडलंय' विचारा. उत्तर कळलं नाही तरी चालेल.

शेवटच्या भेटीला आण्णा बरोबर आले होते. ऑक्टोबर छाटणी नुकतीच उरकलेली, बाहेर पावसाची भुरभुर, जीव अर्धा बागेत. मुलाने खिशातून प्लास्टिकची डबी काढली. आत नखाएवढी काच. आण्णांनी ती खिडकीशी धरली.

"ह्यात तर काहीच दिसत नाही."

"थर आरपारच असतो, आण्णा."

"आणि टिकतो किती?"

"अठरा दिवस."

"मग बरंय की. ह्या पावसात आमचा फवारा अठरा तास टिकत नाही."