ऑफर मान्य झाली, मग घर आमचं का नाही?

प्रश्न : लेस्टरमधल्या एका घरासाठी आमची ऑफर मालकाने मान्य केली, त्याला महिना झाला. सर्व्हेचे, म्हणजे घराच्या तपासणीचे, पैसेही भरले. आता त्याला दुसरं कुणी जास्त रक्कम देतंय. असं करता येतं का? आमचा सॉलिसिटर, म्हणजे वकील, नुसतं ‘सर्च (घराविषयीच्या नोंदींची तपासणी) यायचेत’ म्हणतो.

उत्तर : दुर्दैवाने येतं. तुमचा जीव कसा टांगणीला लागला असेल ते मला ठाऊक आहे. आमचं पहिलं घर असंच हातचं गेलं. इंग्लंडमध्ये करारांची अदलाबदल, म्हणजे ‘एक्स्चेंज’, होईपर्यंत दोघांपैकी कुणीच बांधील नसतं. एक्स्चेंजला घराच्या किमतीच्या साधारण १० टक्के रक्कम भरतात. त्यानंतर माघार घेणं महागात पडतं.

घराची जाहिरात मागे घ्यायला एजंटला आजच सांगा. सॉलिसिटरच्या मागे लागा, पण सर्च गाळू नका. आमच्या दुसऱ्या घराच्या वेळी सर्चमध्ये आलेल्या ड्रेनेजच्या नकाशावर एक रेघ थेट स्वयंपाकघरामागून गेलेली दिसली. सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी! नेमकी तिथेच आम्हाला खोली वाढवायची होती, आणि पाणी कंपनीच्या संमतीशिवाय तिच्यावर बांधता येत नाही. ते घर आम्ही घेतलं, पण डोळे उघडे ठेवून.

आणखी एक, कळकळीने सांगते. ‘आमचं बँक खातं बदललंय’ अशी ईमेल सॉलिसिटरच्या नावाने आली, तर एक पौंडही पाठवू नका. ईमेलमधला नव्हे, पहिल्या पत्रावरचा नंबर लावून खात्री करा.