उजनीत फोर-स्ट्रोक इंजिन उतरवण्याआधी

उजनी धरणात बोटीला लावायला नवं फोर-स्ट्रोक इंजिन घेतलंस, बरं केलंस. पण जुन्या टू-स्ट्रोकची सवय आधी सोड. ह्याच्या पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं नाही, इंजिन ऑईल वेगळं असतं. पहिलं ऑईल साधारण 20 तासांनी बदल, पुढं दर 100 तासांनी.

सुरू केलंस की आधी मागं बघ. इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची बारीक धार पडतेय का? उजनीचं पाणी उतरलं की गाळ नि शेवाळ आत ओढलं जातं, धार बंद पडते. धार दिसली नाही तर लगेच इंजिन बंद कर. मी एकदा 'किनारा जवळच आहे' म्हणून तसंच रेटलं, इंपेलरची, म्हणजे थंड करायचं पाणी ओढणाऱ्या आतल्या रबरी चाकाची, पाती वितळली. जाळ्याचा तंगूस (नायलॉनचा धागा) पाण्यातल्या पंख्यामागं, म्हणजे प्रोपेलरमागं, गुंडाळला तर तिथलं ऑईलचं सील कापतो. महिन्यातून एकदा पंखा काढून बघत जा.

टेम्पोत आडवं ठेवताना कंपनीनं खूण केलेल्या कुशीवरच ठेव. आमच्या एकानं उलटं टाकलं, ऑईल सिलेंडरमध्ये शिरलं, दिवसभर धूर! आणि महिनाभर बोट बांधून ठेवणार असशील तर कार्बोरेटर रिकामा कर. इथेनॉलचं पेट्रोल पाणी धरतं, मग इंजिन सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदा निखळतो.