काळा चिखल वर का आला?

प्रश्न : मी आईबरोबर मालाडच्या खाडीत तिसऱ्या वेचायला जाते. आई म्हणते, तिच्या लहानपणी बोटाची दोन पेरं आत गेली की काळा चिखल लागायचा, आता बोट टेकवताच लागतो. वास येतो, तिची चांदीची अंगठीही काळी पडते. समुद्र आम्लधर्मी होतोय म्हणतात. त्याने तळातले सूक्ष्मजीव मरतायत का? (एक वाचक, वर्सोवा)

उत्तर : तुमच्या आईचं बोट बरोबर सांगतंय. पण यात आम्लापेक्षा प्राणवायूचा संबंध जास्त आहे.

वरचा तपकिरी थर म्हणजे गंजलेल्या लोहाचा रंग. खाडीच्या चिखलात प्राणवायू वरचे काही मिलिमीटरच उतरतो. त्याखालचे जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. कुजक्या अंड्यासारखा वास त्याचाच. अंगठी त्यानेच काळवंडते, आणि लोहाशी गाठ पडली की चिखलही.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मुरतो. उलट जिवाणूंचं काम वाढतं, १० अंशांना साधारण दुप्पट. मग काळी रेघ वर सरकते. तुमच्या खाडीत मात्र सांडपाण्याचा वाटा मोठा असणार. सगळं तापमानवाढीवर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही.

आता आम्ल. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू (पीएच; ७ च्या वर अल्क, खाली आम्ल) ८.२ वरून ८.१ वर आलाय. पाणी अजून अल्कधर्मीच आहे, पण तेवढ्यानेही आम्लपणा ठरवणारे हायड्रोजन आयन पाव हिश्शाहून जास्त वाढलेत. चिखलातले बहुतेक जिवाणू याने मरणार नाहीत. कुजण्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे तिथला सामू मुळातच उतरलेला असतो, ते त्यात मुरलेत.

मला काळजी वाटते ती अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या सूक्ष्मजीवांची. त्यांना प्राणवायू लागतोच, शिवाय सामू उतरला की त्यांना हवा असलेला मोकळा अमोनिया कमी होऊन अमोनियम (हायड्रोजन आयन चिकटलेला अमोनिया) वाढतं. समुद्राच्या पाण्यावरच्या प्रयोगांत त्यांचं काम मंदावलेलं दिसलंय. ते अडलं की पुढे नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडणाऱ्यांनाही माल मिळत नाही, आणि सांडपाण्यातला नायट्रोजन खाडीतच साचतो.

एक काम कराल? उधाणाच्या ओहोटीला बूड कापलेली पारदर्शक बाटली चिखलात रोवा, अलगद उपसा आणि तपकिरी थर पट्टीने मोजा. दर महिन्याला, त्याच जागी, तारखेसकट. जानेवारी आणि मेचे आकडे मला शेजारी ठेवून बघायचे आहेत.