विंडोज परत टाकल्यावर उबंटूचा मेनू गायब झाला, उबंटू नव्याने इन्स्टॉल करावं लागेल का?

नाही लागणार, आणि कृपा करून आत्ता काहीच फॉरमॅट करू नका! विंडोज टाकताना उबंटूचं पार्टिशन (डिस्कचा त्याला दिलेला भाग) डिलीट केलं नसेल तर तुमच्या फायली जिथल्या तिथे आहेत.

२०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासूनच्या बहुतेक मशीनवर यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं, मशीन चालू होताच चालणारं फर्मवेअर) असतं, त्यात दोन्हीकडचे बूट लोडर (सिस्टिम सुरू करून देणारे छोटे प्रोग्राम) एकाच छोट्या फॅट३२ पार्टिशनमध्ये वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि विंडोज सहसा उबंटूचा फोल्डर पुसत नाही, फक्त बूट ऑर्डरमध्ये स्वतःला पहिलं करून घेतं. म्हणून आधी मशीन चालू करताना एफ२, एफ१२ किंवा एस्केप, जी काय की असेल ती दाबून यादी बघा. उबंटू दिसलं की वर घ्या, झालं काम. पण त्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की कुठेतरी लिहून ठेवा, बूट सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं आणि ती नसेल तर डेटा खरंच जातो.

यादीत नाहीच आलं तर लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता जिच्यावरून उबंटू चालतं ती) लावा, तीही यूईएफआय मोडमध्येच. मग उबंटूचं रूट (मुख्य) पार्टिशन माउंट करायचं, म्हणजे एका फोल्डरला जोडायचं, ते फॅट३२ वालं त्याच्या आत बूट/ईएफआय वर माउंट करायचं, डेव्ह, प्रॉक, सिस, रन हे चालू सिस्टिमचे फोल्डर बाइंड करून (तेच तिथेही दिसतील असे जोडून) सीएचरूट, म्हणजे डिस्कवरच्या उबंटूच्या आत शिरायचं, आणि आत ग्रब-इन्स्टॉल (ग्रब म्हणजे उबंटूचा बूट लोडर, तो मेनू हाच दाखवतो), मग अपडेट-ग्रब. इथे बरेच जण अडकतात ते सिस पाशी, साधा बाइंड केला की त्याच्या आतलं ईएफआयव्हार्स (जिथून फर्मवेअरच्या बूट नोंदी बदलता येतात ते) येत नाही, मग ग्रबच्या फायली कॉपी होतात पण फर्मवेअरच्या यादीत नोंद होत नाही आणि रिस्टार्ट केलं की परत विंडोजच, म्हणून सिसला आरबाइंड (आतल्या माउंटसकट बाइंड) वापरा. बूट-रिपेअर नावाचं टूलही हेच करून देतं, पण हाताने केलं की नक्की काय बदललं ते कळतं, मी तरी हातानेच करा म्हणेन.

जुनं बायोसवालं मशीन असेल तर ग्रब-इन्स्टॉलला पूर्ण डिस्कचं नाव द्या, पार्टिशनचं नको.

आणि मेनू आला पण त्यात विंडोजच नाही असं झालं तर घाबरू नका, ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या दुसऱ्या सिस्टिम शोधणारा प्रोग्राम) मुळातच बंद असतो. इटीसी/डीफॉल्ट/ग्रब फाइलमध्ये ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर ला फॉल्स करा आणि अपडेट-ग्रब परत चालवा. तरी अडलं तर जी एरर येतेय ती जशीच्या तशी टाका, बघतो.