कंपाउंडची भिंत तिरकी आणि झाडाचा कट्टा गोल असेल तर पेव्हर ब्लॉक आणि टाइल्सच्या कडा नीट कशा बसवाव्यात?

तुम्ही लिहिलंय ते असं: पाथर्डी फाट्याकडे रो-हाउस आहे, समोरच्या अंगणात ६० मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक टाकायचे आहेत, काळ्या दगडाची कंपाउंडची भिंत घराला समांतर नाही, एका बाजूला कडुनिंब आहे आणि त्याभोवती गोल कट्टा हवाय. पोर्चमध्ये टाइल लावायची आहे. आणि मिस्त्री म्हणतोय, “कडेला सिमेंट मारून देतो, काही दिसणार नाही.”

मी नाशिकमध्ये ब्लॉक आणि फरशीची कामं घेतो, म्हणून आधी या शेवटच्या वाक्याबद्दल बोलतो. कडेची फट सिमेंटने बुजवू देऊ नका. ब्लॉक कचेवर, म्हणजे जाडसर वाळूच्या थरावर बसलेले असतात. गाडी आत आली की ते केसभर दबतात आणि परत वर येतात, त्यांचं काम तसंच चालतं. कडेला मारलेली सिमेंटची पातळ पट्टी मात्र दबत नाही, ती तडकते. उन्हाळ्यात बारीक चीर पडते, पावसाळ्यात तिच्यातून पाणी खाली उतरतं, खालची कच वाहून जाते आणि कडेचे ब्लॉक खचायला लागतात. मग लोक ब्लॉकला दोष देतात.

खरी गोष्ट अशी की कड शेवटी येते म्हणून तिचा विचारही शेवटी होतो. तो पहिला ब्लॉक ठेवायच्या आधी व्हायला हवा.

सुरुवात मापाने करा. घराच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंतचं अंतर दोन्ही टोकांना आणि मध्ये दोनतीन ठिकाणी मोजा. समजा एका टोकाला ३.६० मीटर आलं आणि दुसऱ्या टोकाला ३.८५. म्हणजे २५ सेंटिमीटरची पाचर आहे. आता प्रश्न येतो, ब्लॉकची ओळ कोणाला समांतर ठेवायची? घराला. गेटमधून आत येणाऱ्याची नजर घराच्या पायरीकडे जाते, ओळी तिथे तिरक्या भिडल्या की सगळं अंगण वाकडं वाटतं. घराच्या भिंतीवरून दोरी ताणा आणि ३, ४, ५ फुटांचा त्रिकोण मांडून काटकोन काढा. छोट्या गुण्यावर एवढ्या लांबीला विसंबू नका.

पाचर अर्थातच कंपाउंडच्या बाजूला येणार. ती भिंतीला टेकवून कापली तर भिंतीलगत निमुळते तुकडे येतात, आणि तेच सगळ्यात आधी उखडतात. म्हणून भिंतीला समांतर अशी अख्ख्या ब्लॉकची एक ओळ आधी लावा, आमच्याकडे तिला बॉर्डर म्हणतात. मधलं अंगण घराला समांतर चालेल, बॉर्डर भिंतीला समांतर चालेल आणि कापलेले तुकडे या दोघांच्या मध्ये येतील. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना अख्खे ब्लॉक असले की तो हलत नाही. शिवाय बॉर्डर वेगळ्या रंगाची घेतली तर तिरकेपणा मुद्दाम केल्यासारखा दिसतो. राखाडी अंगणाला काळी किंवा गेरूच्या लाल रंगाची पट्टी चांगली दिसते.

ब्लॉकचा आकार अजून ठरला नसेल तर २० बाय १० सेंटिमीटरचा साधा आयताकृती घ्या. झिगझॅग किंवा डंबेलचे ब्लॉक मोठ्या सरळ जागेला ठीक आहेत, पण तिरक्या कडेला त्यांचा प्रत्येक तुकडा वेगळा निघतो आणि नासाडी फार होते. जाडी ६० मिलिमीटर बरोबर आहे. आयएस १५६५८ या भारतीय मानकात हलक्या वाहनांच्या जागेला हीच जाडी आणि एम-३५ ग्रेड (ब्लॉकच्या मजबुतीचा दर्जा) दिलाय. दुकानदाराला ग्रेड विचाराच.

आता कापायची पद्धत. बॉर्डर जागेवर मांडून घ्या. अंगणातल्या ओळी बॉर्डरला भिडतील तिथपर्यंत अख्खे ब्लॉक टाका, आणि शेवटचा जो बसत नाही तो बॉर्डरवर चढवून ठेवा. बॉर्डरच्या आतल्या कडेची रेघ त्या चढवलेल्या ब्लॉक्सवर घ्या: रंग लावलेली दोरी दोन टोकांना धरून ताणायची आणि एकच झटका द्यायचा. सगळ्या ब्लॉक्सवर एका दमात सरळ रेघ उमटते. मग प्रत्येकावर खडूने क्रमांक टाका, ओळीने उचला, कापा आणि त्याच क्रमाने परत बसवा. एकेक ब्लॉक मोजून कापत गेलं की मिलिमीटर-मिलिमीटरची चूक साठत जाते आणि कड लाटेसारखी होते. सांध्याला २ ते ४ मिलिमीटर सोडायचे असतात, तेवढं रेघेच्या आतून कापा.

इथे एक नियम मिस्त्रीकडून पाळून घ्या: अख्ख्या ब्लॉकच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा लहान तुकडा कुठेही बसवायचा नाही. २० सेंटिमीटरच्या ब्लॉकला साधारण ७ सेंटिमीटर ही खालची मर्यादा. पण कडेला ५ सेंटिमीटरची फट उरली तर? शेजारचा अख्खा ब्लॉक उचला. आता जागा झाली २५ सेंटिमीटर. बहुतेक जण इथे साडेबारा-साडेबाराचे दोन तुकडे करतात, ते दिसायला नीटस असतं. पण अर्ध्या ब्लॉकने सरकवलेली मांडणी असेल तर शेजारच्या ओळीचा सांधा कडेपासून १५ सेंटिमीटरवर येतो, आणि तुमचा नवा सांधा त्याच्यापासून जेमतेम अडीच सेंटिमीटरवर. पकड राहत नाही. त्याऐवजी कडेला साडेसात सेंटिमीटरचा तुकडा आणि आत साडेसतराचा बसवा. दोन सांध्यांमध्ये साडेसात सेंटिमीटर राहतात, आणि कुठलाच तुकडा फार लहान नसतो.

दगडी भिंत आणि बॉर्डर यांच्यात तरीही बोटभर फट राहणार, कारण काळ्या दगडाचा दर्शनी भाग खडबडीत असतो. ती भरायचीच असेल तर बारीक ग्रिट घातलेलं काँक्रीट ब्लॉकच्या पूर्ण जाडीइतकं खोल भरा. तो भाग बॉर्डरच्या पलीकडे असल्यामुळे त्यावर चाक येत नाही, म्हणून टिकतो. वरवरची पट्टी नको.

गेटकडच्या उघड्या कडेला भिंत नसेल तर तिथे कर्ब स्टोन (कडेला उभे रोवायचे काँक्रीटचे दगड) लावा किंवा जमिनीत काँक्रीटची पट्टी घाला. ब्लॉकला बाजूने धरून ठेवणारं काहीतरी लागतंच, नाहीतर दर पावसाळ्याला सांधे रुंदावत जातात. आणि ही पट्टी नुसत्या काळ्या मातीवर टाकू नका. तुमच्या प्लॉटवर वर काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, एप्रिल-मेमध्ये भेगाळून खाली बसते, आणि कड तिच्याबरोबर वरखाली होते. एक-दीड फूट माती काढून मुरूम थराथराने, पाणी मारून दाबा, वर खडीचा थर द्या. कचेचा थर दाबल्यावर २५ ते ४० मिलिमीटरच राहिला पाहिजे. खड्डा पडलाय म्हणून तिथे कच जास्त घातली की तेवढाच भाग पुढे खचतो. क्रश सँड चालते, पण नुसती डस्ट नको, ती पाणी धरून ठेवते. उतार घरापासून बाहेर, ३ मीटरला सुमारे ६० मिलिमीटर द्या.

आता गोल कट्टा. कडुनिंबाच्या बुंध्याला चिकटवून ब्लॉक लावू नका, चारी बाजूंनी किमान एक मीटर माती मोकळी ठेवा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटर त्रिज्येतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते कडुनिंबालाही तितकंच लागू पडतं. मुळांना पाणी आणि हवा मिळते, आणि मुळं ब्लॉक उचलत नाहीत हा तुमचाही फायदा.

हिशोबासाठी कट्ट्याची आतली त्रिज्या धरू १ मीटर, बुंध्याच्या जाडीप्रमाणे ती थोडी वाढेल. त्याच्याभोवती २० बाय १० चे ब्लॉक किरणांसारखे, लांब बाजू बाहेरच्या दिशेला करून लावले तर आतली वर्तुळाची कड १ मीटरवर आणि बाहेरची १.२० मीटरवर येते. आत सांधा बंद केला की बाहेर २० मिलिमीटरची फट उघडते. ती वाळूने भरून टिकत नाही. दोन उपाय आहेत. पहिला, ब्लॉक मधोमध कापून १० बाय १० चे तुकडे लावा, फट निम्मी, म्हणजे १० मिलिमीटर होते. गावाकडच्या फरशीसारखं ढोबळ काम असेल तर हे चालतं, पण घरासमोर मला ते आवडत नाही. दुसरा आणि माझ्या मते योग्य: प्रत्येक ब्लॉक पाचरीसारखा कापा. बाहेरची रुंदी १०० मिलिमीटर तशीच, आतली ८३. म्हणजे आतल्या टोकाला दोन्ही बाजूंनी साधारण ८ मिलिमीटर काढायचे. पहिला ब्लॉक मापाने कापा, त्याचा पत्र्याचा फर्मा करा आणि बाकीचे त्या फर्म्यावर आखा. वेळ लागतो, मजुरी जास्त द्यावी लागते. पण सगळे सांधे एकसारखे बारीक येतात, आणि असं वर्तुळ बघून कारागीरही थांबून हात फिरवतो. गोल बॉर्डर झाली की तिच्या बाहेरच्या कडेला अंगणाच्या ओळी कापायच्या. तिथे ताणलेली दोरी चालत नाही, आणि मध्यावर बुंधा असल्यामुळे खुंटीही ठोकता येत नाही, म्हणून बॉर्डरच्या बाहेरच्या कडेचा पुठ्ठ्याचा फर्मा करा आणि त्यावरून चढवलेल्या ब्लॉक्सवर गोल रेघ ओढा.

चेंबरच्या झाकणाला तीच युक्ती: भोवती अख्ख्या ब्लॉकची चौकट, तुकडे चौकटीच्या बाहेर.

पोर्चच्या टाइल्सचं थोडं वेगळं आहे, कारण त्या हलत नाहीत, पण चूक लगेच दिसते. समजा रुंदी ३.१५ मीटर आहे आणि टाइल ६०० मिलिमीटरची. एका भिंतीपासून सुरू केलं तर पाच टाइल्स बसून दुसऱ्या कडेला जेमतेम १४ सेंटिमीटरची पट्टी उरते. त्याऐवजी मध्यावरून चार अख्ख्या टाइल्स मांडा, दोन्ही कडांना सुमारे ३७ सेंटिमीटरचे मोठे तुकडे येतात. तिरकी भिंत मोठ्या तुकड्यात लपते, बारीक पट्टीत ती उघडी पडते.

कडेचा तुकडा टेपने मोजायचाच नाही. जी टाइल कापायची ती शेवटच्या अख्ख्या टाइलवर तंतोतंत ठेवा. तिच्यावर तिसरी टाइल ठेवून भिंतीपर्यंत सरकवा, आणि तिसरीच्या मागच्या कडेने मधल्या टाइलवर पेन्सिल ओढा. भिंत कितीही तिरकी असो, तिचा तिरकेपणा आपोआप रेघेत उतरतो. मग सांधा आणि भिंतीलगतची ५-६ मिलिमीटरची मोकळी जागा वजा करा, ती स्कर्टिंगखाली (भिंतीच्या पायथ्याला लावतात त्या पट्टीखाली) जाते. ती जागा ग्राउटने (सांधे भरायच्या मसाल्याने) गच्च भरू नका, उन्हात टाइल प्रसरण पावते तेव्हा तिला तेवढी लागते.

स्कर्टिंग नसलेल्या खडबडीत दगडाला टाइल भिडवायची असेल तर एका छोट्या लाकडी ठोकळ्याला पेन्सिल बांधा. टाइल ओळीत सरळ धरा आणि ठोकळा दगडाला टेकवून त्याच्या चढउतारांवरून फिरवा. दगडाचा आकार जसाच्या तसा टाइलवर येतो. गोल पायरीला आधी पुठ्ठ्याचा फर्मा करून तोच आखा. ग्राइंडरने गोलाई एकदम कापू नका. रेघेपर्यंत जवळजवळ सरळ खाचा पाडा, मधले दात पकडीने तोडा आणि मग घासा. खांबाच्या कोपऱ्याला एल आकाराचा काप असेल तर आतल्या कोपऱ्यात आधी ६ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर चीर तिथूनच धावते.

कापताना पाणी सोडा, कोरडं कापू देऊ नका. काँक्रीट आणि टाइलच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. रुमाल तिला अडवत नाही, कारागिरांना चांगले मास्क आणि चष्मे तुम्हीच आणून द्या, ही विनंती मी प्रत्येक घरमालकाला करतो. हातातल्या ५ इंची ग्राइंडरचं पातं ६० मिलिमीटर खोल जात नाही, म्हणून ब्लॉकवर रेघ दोन्ही बाजूंना आखून वरून-खालून कापायला सांगा. छिन्नीने फोडलेली कड कुरतडलेली दिसते. कापायचं काम लावलेल्या ब्लॉकवर नको, सिमेंटचं पाणी सुकलं की डाग राहतात.

प्लेट कॉम्पॅक्टर (ब्लॉक दाबून बसवणारं मशीन) फिरवण्याआधी सगळे तुकडे आणि कर्ब बसलेले हवेत. कुठली कड उघडी राहिलीच असेल तर तिच्यापासून एक मीटर आत थांबायला सांगा. पहिल्या फेरीनंतर कोरडी बारीक वाळू सांध्यांत झाडूने लोटा, परत मशीन फिरवा, आणि थोड्या दिवसांनी सांधे रिकामे झाले असतील तर पुन्हा भरा. ब्लॉक जाळी-नालीपेक्षा ३ ते ५ मिलिमीटर वर ठेवा, ते पुढे तेवढे बसतात.

कापाकापीसाठी सरळ जागेपेक्षा जास्त माल धरा, आणि बॉर्डरच्या रंगाचे काही ब्लॉक बाजूला ठेवून द्या. पुढच्या लॉटमध्ये तोच रंग मिळेलच असं नसतं. भिंतीपासूनची दोन्ही टोकांची मापं आणि गेटची रुंदी इथे लिहा, बॉर्डर कुठून सुरू करायची ते सांगतो.