नऊ लिनक्स, एक हट्टी सॉफ्टवेअर

प्रश्न : आमच्या कार्यालयातले नऊही संगणक लिनक्सवर आहेत. हिशेबाचं एक जुनं सॉफ्टवेअर मात्र विंडोजशिवाय चालत नाही. वाइनवर (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअरं चालवणाऱ्या प्रोग्रामवर) चढवून पाहिलं, तर पावती छापायला गेलं की बंद पडतं. त्या एकासाठी नऊ ठिकाणी विंडोज घ्यायचं का?

उत्तर : मुळीच नको. ते एका विंडोज यंत्रावरच चालू द्या. तुमच्या पडद्यावर त्याचं नुसतं चित्र येईल आणि तुमची बटणं, माउस तिकडे पोहोचतील. हे काम आरडीपी (रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल) करतं. लिनक्सवर त्यासाठी फ्रीआरडीपी आहे. आज्ञा टाइप न करता खिडकीतून सोय हवी असेल तर रेमिना. पूर्ण डेस्कटॉप नको, फक्त त्या सॉफ्टवेअरची खिडकी हवी असेल तर सर्व्हरवर रिमोटॲप लावून घ्या.

खरी मेख परवान्यात आहे. विंडोज होममध्ये बाहेरून आरडीपीने शिरताच येत नाही. प्रोमध्ये येतं, पण एका वेळी एकालाच. सगळ्यांनी एकदम काम करायचं तर विंडोज सर्व्हर आणि माणसामागे किंवा यंत्रामागे कॅल, म्हणजे जोडणीचे परवाने, घ्यावे लागतात. तुम्ही लिनक्सवरून येता म्हणून त्यात सूट नाही. रिमोट डेस्कटॉप सेवा बसवली की सुरुवातीचे १२० दिवस सगळं बिनपरवाना सुरळीत चालतं. मी त्या सुखात कॅल घ्यायचे विसरलो आणि एका सकाळी कुणालाच आत जाता येईना! प्रोची एखादी फाइल बदलून अनेकांना आत घेण्याची युक्ती कुणी सुचवेल, तिच्या नादी लागू नका. परवाना मोडतो, शिवाय पुढच्या अपडेटला ती बहुधा कोलमडते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा करारही वाचा, त्याला अनेक वापरकर्ते चालतात का ते पाहा.

आरडीपीचा ३३८९ हा पोर्ट (जोडणीचं दार) इंटरनेटवर उघडा टाकू नका. २०१९ मध्ये जुन्या विंडोजच्या आरडीपीत पासवर्डशिवाय आत शिरता येईल असं भोक सापडलं होतं. मायक्रोसॉफ्टने तेव्हा पाठिंबा संपलेल्या एक्सपीलासुद्धा ठिगळ दिलं. घरून काम करायचं असेल तर वायरगार्ड या व्हीपीएनमधून (सुरक्षित खासगी जोडणीतून) या.

आता रोजची कटकट. फुलीवर टिचकी मारून खिडकी मिटली की फक्त जोडणी तुटते, सॉफ्टवेअर तिकडे चालूच राहतं. मग शेजारच्याला ‘फाइल वापरात आहे’ असं दिसतं आणि तो तुमच्या नावाने बोटं मोडतो. साइन आउट करायची सवय लावा, आणि तुटलेलं सत्र ठरावीक वेळाने संपवायची मर्यादा सर्व्हरवर घाला.

आणि ग्राहकाचं नाव मराठीत टाइप करताना रोमन अक्षरं उमटली तर लिनक्सचा कीबोर्ड बदलत बसू नका. आरडीपी सहसा अक्षर नाही, कोणतं बटण दाबलं तेवढंच पाठवतं. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड विंडोजच्या बाजूला लावा.