उच्चभ्रू वस्तीत राहायला जाण्यापूर्वी

उच्चभ्रू वस्तीत घर घेण्याचा विचार तुम्ही करत असाल, तर घराच्या किमतीइतकाच तिथे दरमहा राहण्याचा खर्चही आधी नीट समजून घ्या. लिफ्ट, जनरेटर, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा आणि चोवीस तासांची सुरक्षा यांच्या देखभालीचा वाटा, तुम्ही त्या सोयी वापरा अथवा न वापरा, द्यावाच लागतो. शिवाय अनेक ठिकाणी तो क्षेत्रफळानुसार आकारला जात असल्याने मोठ्या घराबरोबर हा बोजाही वाढतो. इमारत जुनी असेल, तर राखीव निधी पुरेसा आहे का, हे मागील काही वर्षांचे ताळेबंद मागून अवश्य तपासा, कारण निधी अपुरा असला की लिफ्ट बदलताना किंवा गळती काढताना मोठी रक्कम घरमालकांकडून एकदम मागितली जाते. नवे रहिवासी नेमके हेच विचारायचे विसरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

परिसर दिवसा पाहिलात तरी रात्री उशिराही एकदा फिरून या, म्हणजे उपाहारगृहांची वर्दळ आणि वाहने उभी करण्याची अडचण लक्षात येईल. शेजाऱ्यांच्या खर्चाशी बरोबरी करू नका. सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि घरकाम करणाऱ्या व्यक्तींशी मात्र पहिल्या दिवसापासून आदराने वागा. त्यांना वेगळ्या लिफ्टने जायला लावणारे नियम मला मुळीच मान्य नाहीत, आणि असा नियम तुमच्या इमारतीत आढळल्यास तो बदलण्याचा प्रस्ताव लेखी स्वरूपात व्यवस्थापनाकडे द्या.